रिकामं जातं

गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत एक पाथरवटीण छिन्नी-हातोडी घेऊन "जात्याला टाकीऽऽ" अशी हाक देत यायची, जात्याचे गुळगुळीत झालेले दगड ठोकून खरबरीत करून द्यायची. बोलताना माणसाकडे न बघता ती दगडाकडेच बघायची.

आई वारल्यावर तिचं जातं मी खानदेशातून आणलं, पण त्यावर कधी दळलं नाही. यजमान रोज म्हणायचे, "पाय ठेवायला जागा नाही. फेक ते." टाकी लावून वापरात आणलं तर राहू देतील, म्हणून मी त्या पाथरवटिणीला बोलावलं.

तिने वरचा दगड उचलून आत तळहात फिरवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"कोण दळतं यावर?"

"कोणीच नाही. आई गेल्यापासून बंद आहे."

"बंद कुठलं, बाई? दगड गरम आहे. म्हातारी रिकामंच फिरवते. रिकामं जातं घराला बरं नाही. रोज मूठभर दाणे टाकत जा."

टाकी न लावताच ती गेली, ती पुन्हा दिसली नाही.

यजमान खूप हसले. "सासूबाई फुकट दळून देणार म्हणा!"

मी रात्री जात्यात मूठभर बाजरी टाकली. सकाळी जात्याभोवती पिठाची बारीक कड होती. दोघांनीही ती पाहिली.

आता फेकायचं नाव निघत नाही. रातपाळीला निघताना यजमानच दारातून विचारतात, "तुझ्या आईला दाणे टाकलेस ना?"