शेवटचे तिघं एका खाटेवर

मी पश्चिम जर्मनीला निघालो तेव्हा नागपूर स्टेशनवर बाबा रडले नाहीत. रडत होती ती शालू, माझी धाकटी बहीण. बाबा गणिताचे मास्तर. गाडी हलली तसे खिडकीशी चालत आले आणि म्हणाले, “तिकडं कसाबी राय, पन आकडा आपल्यासारखा लिहत जाय गा.” साठचं दशक सरत आलं होतं, मी नवाकोरा इंजिनियर होतो, आणि मला बापाच्या या निरोपाचं हसूच आलं.

आपल्यासारखा म्हणजे कसा, हे आमच्या प्रताप नगरच्या घरात कोणाला विचारावं लागत नसे. थोरली ताई, मी आणि शालू लहानपणी एकाच खाटेवर झोपत असू, आणि बाबांनी स्वल्पविराम शिकवला तो त्या खाटेवरूनच. “शेवटचे तिघं एका खाटेवर, बाकीचे जोडीजोडीनं.” साडेबारा लाख म्हटलं की पाटीवर १२,५०,००० उमटलं पाहिजे. पाहुणा आला तरी चहाच्या आधी पाटी त्याच्या पुढ्यात! आई कपाळाला हात लावायची.

तिकडे कारखान्यात पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. एक खीळ साडेबारा मिलिमीटरची हवी होती. मी नकाशावर आपल्या सवयीनं १२.५०० लिहिलं. लेथवरचा म्हातारा कारागीर तो कागद घेऊन आला आणि दोन्ही हात पसरत भिंतीपर्यंत चालत गेला. त्यांच्याकडे टिंब हजारांसाठी आणि स्वल्पविराम अपूर्णांकासाठी, त्यामुळे माझी खीळ साडेबारा मीटरची होऊन शेडच्या बाहेर जात होती. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. पण तिथे सगळेच आकडे तिघातिघांनी झोपतात, जोडी म्हणून कुठे नाहीच, हे बघून मला उगाच भरून आलं.

पोटासाठी हाताला वळण लावावं लागतं. कारखान्याला फाब्रिक, पाळीला शिश्ट, मधल्या सुट्टीला पाउझं असे शब्द तोंडात बसले तसं टिंबही हातात बसलं. घर कधी हातातून निसटलं ते मला कळलंसुद्धा नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे आई गेली, आणि काही वर्षांनी शालूनं कळवलं की बाबांना माणसं ओळखू येईनाशी झालीत. मी रजा काढून आलो. बाबा व्हरांड्यात बसले होते, मांडीवर पाटी. मी पाया पडलो तर ते अवघडून उठले.

“बसा ना जी. कुठून आले तुम्ही?”

माझा बाप मला अहो-जाहो करत होता. शालू म्हणाली, “बाबा, दादा आला ना! जर्मनीवाला!”

“काहून खोटं बोलून राहिली वं?” बाबा तिच्यावर चिडले. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पाटी पुढे केली. “बरं, लिहा. साडेबारा लाख.”

मला हायसं वाटलं. चेहरा विसरले असतील, पण त्या खाटेवरचा आकडा ते कसे विसरतील? मी झरझर लिहून पाटी त्यांच्या हातात दिली. १.२५०.०००.

बाबांनी एकेका टिंबावर बोट ठेवलं. मग हलकेच म्हणाले, “पाह्य वं शालू. मी सांगतलं होतं. हा आपला नाही.”

आकडे मराठी होते, अक्षर माझं होतं, पण टिंबं ज्यानं दिली तो कोणी दुसराच होता. आजही बँकेत रक्कम लिहिताना तो माझ्या मनगटात बसलेला जाणवतो.

जायच्या आदल्या दिवशी मी आपणहून पाटी मागितली. लहान पोरासारखा एकेक खूण जपत लिहिलं, १२,५०,०००. बाबांचा चेहरा असा उजळला की मी त्यांचा हातच धरला.

“अगदी माह्या पोरासारखं लिहता जी तुम्ही! कोनं शिकवलं?”

“तुम्हीच शिकवलं, बाबा.”

ते हसले. पाहुणा आपलं मन राखतो आहे, असं त्यांना वाटलं असावं. पाटी छातीशी धरून म्हणाले, “तिकडं माहा पोरगा भेटला त सांगजा त्याले. म्हना, बाप वाट पाहून राहिला.”

पुढच्या पावसाळ्याआधीच बाबा गेले. मी इथेच आहे, जर्मनीत, ऱ्हाईन नदीच्या काठी. घर म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मला तो व्हरांडा आठवतो, आणि तिथे बसलेला माणूस ज्याची वाट बघत होता तो मुलगा. मी त्याला अजून शोधतो आहे. निरोप माझ्यापाशीच राहिला आहे.