शंभर पौंडांची तांबडी रेघ

ती घटना आठवली की आजही हात शिवशिवतात.

तमिळनाडूत पापनाशमजवळच्या एका भातगिरणीत बॉयलर फुटला. भात उकडायला वाफ लागते, तिचा बॉयलर. वाळवणीच्या अंगणातली एक मजूर बाई जागीच गेली. बॉयलर चालवणारा ऑपरेटर दोन्ही हात भाजून इस्पितळात. मालकाने फिर्याद दिली : ऑपरेटरने निष्काळजीपणे दाब वाढवला. मी तिथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर. पंचनामा संपायच्या आत वरच्या साहेबांचा फोन. "अटक दाखवा आणि मोकळे व्हा."

मी मोकळा झालो नाही.

दाबाचं गेज भुशाच्या ढिगात सापडलं. काच फुटलेली, तबकडी शाबूत. दहाच्या आकड्यावर तांबडी रेघ. गेजवर अशी रेघ असतेच. काटा तिच्यापुढे जाऊ द्यायचा नाही, एवढं ऑपरेटरला शिकवलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी अंगणातली एक बाई ठाण्याच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. मी खुर्ची बाहेर नेली. पायरीवर थांबणारी माणसं खरं सांगायला आलेली असतात.

"सार, आधी दाब चढला की वरची शिटी वाजून वाफ सुटायची. आमच्या साड्या भिजायच्या. आम्ही त्या ऑपरेटर अण्णाच्या सात पिढ्या काढायचो. नवी शिटी बसवली, तेव्हापासून ती एकदाही वाजली नाही."

शिटी म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. आमचा हवालदार लगेच म्हणाला, "उघडू नये म्हणून तारेने आवळला असणार, सार. संपला तो ऑपरेटर." मलाही क्षणभर तसंच वाटलं. व्हॉल्व्ह जप्त करून तपासणीला पाठवला. अहवाल आला : तारेची खूण नाही, व्हॉल्व्ह बरोबर दहा किलो दाबाला उघडतो.

मग दहा किलो ठरवले कुणी?

इस्पितळात ऑपरेटरचा जबाब घेतला. अंगठासुद्धा उठवता येईना, इतकी बँडेजं.

"रेघ ओलांडली नाही, सार. नऊच्या पुढे काटा नेला नाही."

"रेघ कुणी मारली?"

"गिरणीच्या इंजिनियर सारनी. जुनं गेज पौंडांचं होतं, रेघ शंभरावर. नवं किलोंचं आलं. मी विचारलं, आता किती? म्हणाले, एक शून्य काढून टाक, झालं."

बॉयलरवरच्या पितळी पट्टीवर मर्यादा कोरलेली होती : शंभर पौंड. मी बीएस्सी, फिजिक्सचा. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत राहून लग्नांचा स्वयंपाक करायचे. पौंड मोजतात दर चौरस इंचावर, किलो दर चौरस सेंटीमीटरवर. एक किलोचे चौदा पौंड आणि वर थोडे. म्हणजे शंभर पौंडांचे किलो सात. दहा नव्हे! नऊवर काटा ठेवणारा तो माणूस बिचारा रेघेच्या आत होता, आणि बॉयलरवर एकशे अठ्ठावीस पौंड चढलेले होते.

वरच्या साहेबांना कळवलं. "गणिताचा तास घेऊ नका. ते इंजिनियरांचं काम."

"मग अटकेचा लेखी आदेश द्या, सर."

तो आला नाही. असले आदेश लेखी येत नसतात.

इंजिनियरला ठाण्यात बोलावलं, चहा मागवला. म्हणाला, "रेघ त्यानेच मारली असेल. आणि तुम्ही साधे बीएस्सी ना?"

"साधाच. म्हणून तुम्हाला विचारतो. शंभर पौंडांचे किलो किती? तुमच्याच फोनवर करा."

हसत त्याने फोन काढला, आकडा टाकला. हसू गेलं. स्क्रीन माझ्याकडे वळवेना.

मी मालकाच्या कपाटातून जप्त केलेली नव्या व्हॉल्व्हची लेखी मागणी त्याच्यासमोर ठेवली. "दहा किलोला उघडणारा हवा." खाली त्याची सही, मालकाची मंजुरी.

"सात," तो हळूच म्हणाला. चहा तसाच राहिला.

दोषारोपपत्रात ती दोन नावं गेली, ऑपरेटरचं वगळलं. दोन महिन्यांत माझी बदली झाली. झाली तर झाली.

जायच्या आधी ऑपरेटरला भेटलो. त्याने एवढंच विचारलं, "मग किती हवं होतं, सार?"

"सात."

तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "सात सांगितलं असतं तर सात ठेवलं असतं. ठेवणं काही अवघड नव्हतं. जुनी शिटी वाजायची तेव्हा ती गेलेली बाई रोज मला शिव्या द्यायची."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. ज्याच्या हातात फक्त काटा सांभाळणं असतं, त्याला आरोपी करण्याआधी रेघ मारणारा शोधायचा. आणि 'हे तुमचं काम नाही' असं कुणी म्हणालं, की मी आजही खुर्ची पुढे ओढतो आणि कागद मागतो.