तलावाच्या पाळीवरचं खाकरणं

आमचं गाव डोंगराच्या उतारावर, आणि खाली पूर्वजांनी बांधलेला तलाव. गावातल्या बायका पहाटे तलावाच्या पाळीआड, म्हणजे मातीच्या बांधाआड, शौचाला बसायच्या. माझे सासरे रोज त्याच पाळीवरून पाणी बघायला जायचे. लांबूनच खाकरायचे, म्हणजे आम्ही सुनांनी उठून, पाठ फिरवून उभं राहायचं. याला मान राखणं म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका वर्षी गोंदियाहून गावसुधारणा शिकवणारे एक खादीवाले आले. त्यांच्या सांगण्यावरून पुरुषांनी शौचासाठी चर खोदले, भोवती बांबूचे तट्टे लावले. पण कुठे? चावडीमागे! चावडीवर सदा म्हातारे बसलेले. त्यांच्यासमोरून सून कधी जात नसे. नुसत्या नजरेनं पाण्याचा उतार ओळखणारी ही माणसं, त्यांना एवढं कळू नये?

मी सासूबाईंना विचारलं, "आपल्यासाठी काऊन नाही खोदले?"

"बायकाइले पाळ आहे ना," त्या म्हणाल्या.

निघताना खादीवाल्यांनी सासऱ्यांच्या गळ्यात सुताचा हार घातला. गाव सुधारलं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे तट्ट्यांआड जाऊन आले, पाळीवर चढले आणि खाकरले. आम्ही उठून उभ्या राहिलो.