पाणगवत उपटलं त्या वर्षी

माझं माहेर भातकुलीकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे गावचा उथळ तलाव म्हणजे गावाचा जीव. भाऊ-वहिनी त्याच पाण्यावर मेथी, वांगी, झेंडू काढून अमरावतीच्या बाजारात आणतात. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि या तलावात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांच्या अभ्यासात माझी अर्धी नोकरी सरली.

या कामात सोबत होती माझी मैत्रीण, त्याच कॉलेजातली. एका डब्यात जेवायचो आम्ही. आमचा नेम ठरलेला. सूक्ष्मदर्शकाखाली एकीनं पाहायचं, दुसरीनं पडताळायचं, आणि चारचौघांत बोलायचं ते तिनंच. मी चिडकी. मी तोंड उघडलं की समोरचा कामाचं विसरून भांडायलाच बसतो. ती साखरेत घोळून बोलायची.

तलाव कशाच्या जोरावर टिकला होता, हे आम्हा दोघींना पाठ होतं. तळाशी दाट पाणगवत होतं. ते गाळ धरून ठेवायचं, पाण्यातलं खत शेवाळाआधी स्वतः खायचं, आणि शेवाळावर जगणारे बारके जीव त्यातच माशांपासून लपायचे. म्हणून थेंबात पाहावं तर नाना जातींची शेवाळं, दादागिरी कोणाचीच नाही, आणि पाणी नितळ. गवत गेलं की हे सगळं कोसळलंच. उथळ पाणी एकदा हिरवं झालं की सहजासहजी मागे फिरत नाही.

मग सुशोभीकरण आलं. कारंजं, फरशी, बोटी. बोटीच्या वल्ह्यांत गवत अडकतं, तर ते काढावं का, हे विचारायला ग्रामसभेनं आम्हाला बोलावलं. काय सांगायचं ते आदल्या दिवशी आम्ही मिळून ठरवलं होतं: गवताला हात लावू नका. नेमाप्रमाणे ती उठली. म्हणाली, तलाव पक्का आहे, आम्ही इतकी वर्षं पाहतोय, गवत काढल्यानं काही बिघडत नाही, आणि माझ्याकडे हात करून, या मॅडमचंही हेच मत आहे. एवढं बोलून बसली. मला आधी वाटलं, माझेच कान वाजले. मी उठून नाही म्हणायला लागले तर लोक हसले. तुमच्याच मैत्रिणीनं आत्ता सांगितलं न, म्हणाले, तुमचं आपसातलं घरी जाऊन पाहा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुशोभीकरणाच्या समितीवर तज्ज्ञ म्हणून तिचं नाव आधीच ठरलं होतं. अख्ख्या गावाला माहीत, मीच तेवढी खुळी!

दिवाळीआधी गवत निघालं. उन्हाळ्यात पाणी पालकाच्या रसासारखं झालं, वर जाड साय. थेंबात एकच जात उरली होती, विषारी ठरू शकणारं निळं-हिरवं शेवाळ, काठोकाठ. गुरं तोंड लावेनात. भाज्यांना द्यावं तर भीती, न द्यावं तर वाफे जळतात. बांधावर उभी राहून वहिनी मला म्हणाली, "तुमाले मालूम होतं न, ताई? मंग तुमची मैत्रीण असं काहून बोलली?" माझ्या पाठीत सुरा माझ्याच माणसानं खुपसला आणि रक्त हिच्या वाफ्यात सांडलं. संतापानं मला रडू आलं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीचा फोन आला. जेवण झालं का, पोरं कशी आहेत, जसं काही घडलंच नाही. मग म्हणाली, "अवं, नशीब म्हण आपलं. गवत होतं तवाचे नमुने आपल्यापाशी हायेत, आता हिरवं पाणी बी हाये. दोन्ही मिळून झकास पेपर होईन. पाणी तेवढं तू घेऊन ये, तुहं माहेरच हाये तिथं."

मी विचारलं, गवत निघाल्यापासून तू एकदा तरी तिकडे गेलीस का?

"नाही ना," ती म्हणाली. "लय वास मारते म्हणतात तिथं."