पिल्लांना हात लावायचा नाही म्हणे!

भोकरदनहून गावाकडे निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर एक खोका होता, आणि तो चिवचिवत होता... कंडक्टर दोनदा वाकून बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, ह्यांचं हाफ तिकीट काढू का?" अख्खी बस हसली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा गावोगावच्या महिला मेळाव्यांत बोलायचे. बायांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचे. एका मेळाव्यात मागून एक बाई बोलली, "बोलणं सोपंय ताई. आधी तुम्ही करून दाखवा, मंग आम्ही करतो." बरोबर होतं तिचं. म्हणून हा खोका... कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, आणि अनुभव शून्य.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मागच्या खोलीत पत्र्याचा गोल उभा केला, आत लाकडाचा भुसा आणि वर वर्तमानपत्र. नाहीतर पहिल्या दिवशी पिल्लं भुसाच खातात. पाण्याच्या ताटलीत खडे टाकले, कारण ती पाण्यात पडून बुडतात. आणि मधोमध बल्ब.

थर्मामीटर काही नव्हता. पिल्लंच सांगायची. बल्बखाली गोळा झाली की गारठलीत, लांब पळाली की तापलीत, सगळीकडे पसरून टिपायला लागली की मजेत! मी तासन् तास बघत बसायचे. इतकं सरळ बोलणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं...

आणि मग माझी पाळी आली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी गोठ्याच्या भिंतीशी माझं पोतं टाकलं आणि बजावलं, "कावळा शिवला ना? मंग तिथं बस. पिल्लांवर सावली बी पडू द्यायची न्हाई, सडतील सगळी." मी वाद घातला. म्हटलं, पिल्लं गारठ्यानं मरतात, ओलाव्यानं मरतात, माझ्या सावलीनं कशी मरतील? उत्तर मिळालं, "भाषण मेळाव्यात दे." माझ्या डोळ्यांदेखत खोलीला कडी लागली. नवरा जालन्याला, एमआयडीसीत कामाला. घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली. पिल्लांना ऊन मिळावं म्हणून आत्याबाईंनी ती अंगणात आणली. वर बांबूचं डालगं पालथं घातलं, आणि हवा लागावी म्हणून एका बाजूला खाली वीट सरकवली. मग त्या पाठमोऱ्या ज्वारी पाखडत बसल्या. ओट्यावर सासरे आणि शेजारची चार माणसं गप्पा मारत होती. मी आपली पोत्यावर...

तेवढ्यात कावळा उतरला. खराखुरा! टुणटुण उड्या मारत विटेपाशी गेला.

मी उठून ओरडले, "आत्याबाई, कावळा! कावळा!"

आत्याबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. लाजेनं त्यांचे कान नुसते लाल झाले. दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप बस! कालच कळलं मला. गड्यामाणसात दवंडी पिटून राह्यली का?" ओट्यावरच्या माणसांनीही माना खाली घातल्या.

मी धावले, पण उशीर झाला होता. कावळा एक पिल्लू चोचीत धरून लिंबावर जाऊन बसला होता.

पुढं काय करायचं हे मला कुणाला विचारायचं नव्हतं. हातपाय साबणानं धुतले, डालगं उचललं आणि उरलेली पिल्लं पदरात घेतली. सगळ्या ओट्यासमोर. आत्याबाई किंचाळल्या, "शिवलीस? आता एक बी जगणार न्हाई!" मी म्हटलं, "मेली तर माझ्या हातात मरतील. बाजूला बसून मरताना बघणार नाही."

खोलीत नेऊन पाहते तर डालग्याच्या सावलीत, वाऱ्यानं ती गार पडली होती, एकमेकांवर चढत होती. लाइटचा पत्ता नव्हता. मी बाटल्या धुंडाळत होते, तर दारात धाकटी जाऊ. तिच्या हातात गरम पाण्याचं पातेलं. ती उंबऱ्यातच थबकली आणि खालच्या मानेनं म्हणाली, "वहिनी... मला पण आजच... मी येऊ का आत?"

"ये," म्हटलं. "तू बाटल्या भर, मी फडकी गुंडाळते."

लाइट येईस्तोवर आम्ही दोघी ‘बाजूला बसलेल्या’ बाया त्या गोलाच्या कडेला पाणी बदलत राहिलो. दुपारपर्यंत पिल्लं सुटी झाली, पसरली, टिपायला लागली. आत्याबाईंनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं.

दोन दिवसांनी एक पिल्लू मलूल झालं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की विचारू नका. त्याची विष्ठा मागं चिकटून वाळली होती. ओल्या कापसानं पुसून काढली, संध्याकाळी ते पळत होतं. एकही सडलं नाही. सगळ्यांना पंख फुटले, आणि पुढं त्यांनी आत्याबाईंचंच वाळवण उधळून त्यांच्या शिव्या खाल्ल्या!

बाया बघायला आल्या. मी भुसा, खडे, बल्ब सगळं सांगितलं. जाताना मेळाव्यातली तीच बाई मागं रेंगाळली. कानाशी येऊन म्हणाली, "ताई, त्या दिवसांत शिवलं तरी चालतं?"

मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चालतं!"

व्यासपीठावर मी आयुष्यभर बोलले. पण इतकं लहान आणि इतकं खरं भाषण पुन्हा जमलं नाही... ते शिकवल्याबद्दल त्या पिल्लांचे आभार. त्यांनी माझ्या हातांची ऊब घेतली, तारीख नाही विचारली.