मी हाक मारत नाही

माझा आवाज मोठा आहे. बालवाडीतली पोरं सांभाळणाऱ्या बाईचा असतो तसा, छपराला लागणारा. मुलगा शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आला तेव्हा हा आवाज मी मैदानाला फुकट देऊन टाकला. "पास दी रे!", "मागे बघ, मागे!" असं काठावरून माझं अखंड चालू. ऑफसाइड म्हणजे काय ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण त्यावरून लाइनमनशी मी भांडले आहे. इतर आया छत्र्या घेऊन जरा लांबच बसत. पी.टी.चे सर एकदा हात जोडून म्हणाले, "बाई, टीमीक कोच एकूच पुरे." नवरा वास्कोला बंदरावर कामाला, आठवड्याने घरी येणारा. तेव्हा बापाच्या वाटणीचं ओरडणंही आपल्यालाच करायला हवं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

ती मॅच आमच्याच डिचोली तालुक्यात, एका बंद खाणीला लागून असलेल्या मैदानावर होती. दिवाळी होऊन गेली होती, तरी दुपारचं ऊन भाजत होतं. गोलामागे तारेचं कुंपण होतं, तेही बऱ्याच ठिकाणी आडवं झालेलं. पलीकडे अकेशियाची झाडं, त्यांच्यातून खाली जाणारी लाल मातीची घसरण, आणि तळाशी खाणीचा खड्डा. खाण बंद झाली, पंप थांबले आणि खड्ड्यात पाणी भरलं. त्या पाण्याचा हिरवा-निळा रंग सुंदर आहे असं लोक म्हणतात. मला तो मुळीच आवडत नाही. त्यात कोणी पोहत नाही, म्हशीसुद्धा उतरत नाहीत. किती खोल आहे ते खाणीत काम केलेल्या माणसांना विचारलं तर ती नुसता हात हलवतात.

दुसऱ्या हाफमध्ये माझ्या मुलाने मारलेला बॉल गोलावरून उडाला, कुंपण ओलांडून झाडांत शिरला आणि दिसेनासा झाला. ज्याने मारला त्याने आणायचा, हा पोरांचा कायदा. तो तार ओलांडून खाली उतरला. दुसरा बॉल होता, पण त्यात हवा नव्हती. खेळ थांबला, पोरं पाणी प्यायली, रेफरी घड्याळाकडे बघू लागला.

मग मला जाणवलं की खालून काहीच ऐकू येत नाही. अकेशियाचा पाचोळा जाड असतो, मांजर चाललं तरी वाजतो. मुलाच्या पायात तर बूट होते. झाडाचं पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. मैदानावरची पोरंही कुजबुजायला लागली होती आणि ती का कुजबुजताहेत हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं.

मी कुंपणापाशी गेले आणि त्याला नावाने हाक मारली. ओ आली नाही. आधी मला रागच आला. कार्टं ऐकून न ऐकल्यासारखं करतंय, असं वाटलं. मग आठवलं की हे त्याला मीच शिकवलं आहे.

माझं माहेर पेडण्याकडचं, कोरगावचं. काजूच्या बागेत बोंडं वेचायला निघालं की मोठी माणसं बजावत, एकटं असताना हाक आली तर पयल्या हाकेक ओ दिव नको. दुसऱ्याही हाकेला नाही. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, बाकी कुणाला ते जमत नाही. मुलगा लहान असताना ओहोळावर जायला लागला तेव्हा मीही त्याला हेच बजावलं, थोडं थट्टेत, थोडं मनापासून. तो विसरला असेल असं मला वाटत होतं.

मी दुसरी हाक मारली. खाली तीच शांतता. तिसरी हाक मारायची होती, पण तिलाही ओ आली नाही तर पुढे काय, या भीतीने मी तार धरून थांबले. कशीबशी मारली.

"ओऽऽ!"

आवाज इतक्या जवळून आला की मी मागे सरकले. तो कुंपणाच्या अगदी पलीकडे, एका झाडाच्या आड उभा होता. बॉल काखेत, तोंड पाण्याकडे. कधी वर आला, तिथे किती वेळ उभा होता, कुणास ठाऊक. माझ्याकडे न बघता त्याने तार ओलांडली आणि खेळायला गेला. मॅच आम्ही हरलो. मी त्यानंतर काय ओरडले, ओरडले की नाही, मला आठवत नाही.

परत येताना तो स्कूटरवर माझ्यामागे बसला होता. बाजार जवळ आला तेव्हा मागून त्याने विचारलं, "गे आई, तू पाण्याकडे कित्याक गेल्लस?"

"मी खंय गेलंय? मी वरच होतंय."

"नाय. पयली हाक तू खालसून मारलंस. मगे वरसून मारलंस, तीनदा." मग जरा थांबून म्हणाला, "खालसून मारलंस ती घरच्या नावान."

घरातलं नाव मी बाहेर कधीच वापरत नाही. टीममधल्या कुणालाही ते माहीत नाही.

मी स्कूटर पोदेराच्या बेकरीपाशी उभी केली. उंडे पाव घ्यायचे म्हणून उतरले, पण खरं तर विचार करायला वेळ हवा होता. मीच होते असं सांगितलं तर पोराची भीती जाईल, आणि पुढच्या वेळी तो त्या हाकेला ओ देईल. मी नव्हते म्हटलं तर ती भीती जन्मभर त्याच्यासोबत राहील. फुटबॉल बंद करावा असंही मनात आलं. पण बूट उशाशी घेऊन झोपणारं पोर ते. माझं डोकं चालेना. आयुष्यात इतकी एकटी मी कधी पडले नव्हते. उंडे घेऊन परत आले, त्याच्यासमोर उभी राहिले आणि खरं ते सांगितलं.

"ती मी नव्हतंय."

तो रडला नाही. त्याने उंड्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "मगे तुझी खरी हाक खंयची ती माका कशी कळतली?"

"मैदानार मी तुका हाकच मारूचंय नाय," मी म्हटलं. "माझो आवाज आयकलस तर समज, ती मी न्हय."

तेव्हापासून मी गप्प बसते. माय-लेकाचं काही बिनसलंय का, असं सरांनी काळजीने विचारलं. नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं तर तो हसला. मग त्याचं हसणं मधेच थांबलं आणि तो जेवणाचं विचारू लागला. मी मात्र आता पुढच्या रांगेत, छत्री न उघडता बसते. माझं तोंड मुलाला कुठूनही दिसायला हवं.

गेल्या महिन्यात पेडण्यात मॅच होती. तिथे खाण नाही, पाणी नाही. पलीकडच्या रेषेला लागून काजूची बाग होती. बॉल घेऊन पळताना माझा मुलगा त्या बाजूला जोरात पडला, गुडघा धरून कळवळला आणि निपचित पडून राहिला. मी उभी राहिले. त्याचं घरातलं नाव दातांपर्यंत आलं होतं, ते मी ओठ चावून आत ढकललं. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, ही कसली आई म्हणून.

त्याने डोकं उचललं. आधी काजूंच्या बाजूला वळवलं, आणि कुणी बोलत असताना ऐकावं तसा तो ऐकत राहिला. मग सावकाश माझ्याकडे वळून त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. तो उठला, मोजे वर ओढले आणि लंगडत बॉलकडे गेला.