काकूंची बांगडी आणि माझं शुद्ध मराठी

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने मातृभाषेवर प्रेम करावं, पण ती थोडीफार येतही असावी! मला नेमकं यातलं पहिलंच जमलं होतं.

माझी शाळा, कॉलेज सगळं सातासमुद्रापार. तिथल्या बर्फात बसून मी ठरवलं होतं की परत जायचं आणि मराठीसाठी काहीतरी करायचं. परत आलो तो थेट गुडगावला. का? तर नोकरी तिथे मिळाली! चहूकडे काचेच्या इमारती, मॉल, अर्धवट रस्ते. मराठीचा उद्धार करायला याहून अवघड जागा कुठली?

पण मी हार मानणारा नव्हतो. फ्लॅटमध्ये नवीन ब्रॉडबँड आलं होतं आणि मी एक ऑनलाइन गेम खेळायला लागलो होतो. राक्षस, गुहा, तलवारी. आमची चौघांची टोळी होती. एक मी, अर्थात नायक. दुसरा माझा फ्लॅटमेट सलीम, पक्का पुणेकर, मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तिसऱ्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या प्रधान काकू. हसू नका! लेक सासरी गेल्यावर घर खायला उठलं म्हणून काकू गेमकडे वळल्या आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे गेल्या. चौथी ती लेक, मिनी. नुकतंच लग्न होऊन नोएडाला गेलेली, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. तिचं मराठी "आई, मला भूक लगली" एवढंच.

या गेममध्ये मारामारीपेक्षा मजुरी जास्त. प्रत्येक लढाईत चिलखत झिजतं, तलवार बोथट होते. मग डोंगरातून खनिज खणा, लांडग्यांची कातडी जमवा, भट्टीवर जा आणि सगळं दुरुस्त करा. जमवलेला माल टोळीच्या कोठारात. कोठाराची किल्ली नायकाकडे.

नायकाने सलीमला आणि मिनीला पहिला हुकूम सोडला. टोळीत फक्त मराठी! टाइप रोमन लिपीत करा, पण भाषा आपली. "रिपेअर नाही, डागडुजी म्हणायचं. अपग्रेड नाही, वाढवणे म्हणायचं. तलवार अपग्रेड केली नाही, तलवार वाढवली!"

"यार, प्लीज," मिनी म्हणाली. "लढाईच्या वेळी मी डिक्शनरी उघडू?"

"सवय होईल."

"ठीक आहे. रविवारी काळ्या डोंगराचा राक्षस आहे ना? तुझ्या मराठीत हरलो, तर उस दिन से टोळीत हिंदी. बोल, मंजूर?"

"मंजूर!" मी छाती काढून म्हणालो. म्हणजे बघा, अख्ख्या मराठीची इभ्रत मी एका राक्षसावर लावून बसलो.

काकूंना मात्र मी माझे शब्द शिकवले नाहीत. त्यांचं मराठी मुळातच शुद्ध! त्यांना काय शिकवायचं?

राक्षस आग ओकणारा. त्यावर इलाज एकच, काकूंची मंतरलेली बांगडी. ती उघडली की सगळ्यांसमोर ढाल पसरायची आणि आम्ही तिच्यामागे सुरक्षित.

शनिवारी काकूंचा मला एकट्याला निरोप आला. "अरे, माझी बांगडी वाढवली बघ. अस्वलाशी झटापट झाली ना, त्यात."

मी खुर्चीतून उडालोच! न सांगता काकू माझा शब्द वापरत होत्या! "वा काकू! कमाल केलीत!"

"कमाल कसली रे? मलाच कसंतरी झालं. कोठारातली चांदीची तार देतोस का?"

आता वाढवलेल्या बांगडीला तार कशाला? "तार सलीमच्या चिलखताला लागेल. तुमची तर वाढवली! आणि कसंतरी काय व्हायचं? शुभ झालं! मी तर म्हणतो, दुसऱ्या हातातलीही वाढवा!"

मी आपला उत्साहात पुढे लिहीत राहिलो. "मिनीलाही सांगा. नवीन लग्न झालंय, तिच्याही वाढू देत!"

काकूंची एकच ओळ आली. "माझे हे इथे शेजारीच बसलेत. धडधाकट."

मी लिहिलं, "अरे वा! मग काकांनाही दाखवा ना!"

काकू गेममधून बाहेर पडल्या.

रविवारी दुपारी आम्ही डोंगरावर चढलो. राक्षस समोर. मी गर्जना केली, "घाबरू नका! काकूंनी बांगडी वाढवली आहे! सगळे काकूंच्या मागे!"

सगळे काकूंच्या मागे. राक्षसाने तोंड उघडलं. काकू शांत उभ्या. हात रिकामे.

"मम्मी, ढाल?" मिनी ओरडली.

"ती नाही," काकू म्हणाल्या. "वाढवली म्हणून मी ह्याला कालच सांगितलं होतं."

"मग उघडा ना, काकू!"

"वाढवलेली बांगडी उघडतात कशी ते तूच दाखव."

आणि राक्षसाने आम्हा चौघांचे पापड भाजले. सलीमचं चांदीच्या तारेचं नवंकोरं चिलखत सगळ्यात आधी वितळलं.

"चलो जी," मिनी म्हणाली. "आज से हिंदी."

शेजारच्या खोलीतून सलीम धावत आला. "काकू तुला नक्की काय म्हणाल्या होत्या?"

मी निरोप वाचून दाखवला. सलीम भिंतीला धरून खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे गाढवा, बांगडी फुटली असं बाई बोलत नाही! अशुभ असतं. वाढवली म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी वाढवलं. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. माझ्या अम्मीला माहीत आहे, तुला नाही?"

मी निरोप पुन्हा वाचला. "म्हणजे मी एका सवाष्ण बाईला म्हणालो, की दुसऱ्या हातातलीही..."

"एका नाही, दोघींना. मिनीलाही धर."

"आणि काकांना दाखवा म्हणालो!"

आता माझं काय होणार होतं कळतंय का? दर रविवारी रात्री आम्ही दोघं काकूंकडे जेवायचो. आठवडाभर कँटीनचा राजमा खाऊन जगायचो ते त्या वरणभाताच्या आशेवर. मराठी गेली, आता वरणही जाणार!

ऑटो करून सरोजिनी नगर गाठलं. बाजारात धक्के खात एक डझन हिरव्या बांगड्या घेतल्या. पुडी छातीशी धरून बेल वाजवली. दार काकांनी उघडलं.

"या," काका म्हणाले. "मी अजून आहे."

मी सरळ वाकून नमस्कार केला. काकांना, काकूंना आणि माहेरी आलेल्या मिनीलाही. काकूंनी पुडी उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी हसू फुटलं. "मेल्या, मराठीचं एवढं वेड, तर आधी विचारावं! आता लक्षात ठेवशील ना?"

"जन्मभर, काकू! वाढवली म्हणजे फुटली!"

"बस बाहेर जाऊन."

मी बाहेरच्या खोलीत अगदी कान टवकारून बसलो. आता एकही शब्द निसटू द्यायचा नव्हता. काका पेपर वाचत होते. सलीम अजून मधूनमधून खुदखुदत होता. आतून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंची हाक.

"चला रे, पानं वाढली!"

मी ताडकन उठलो. बाल्कनीतला झाडू उचलला आणि स्वयंपाकघरात धावलो. "काकू, हात लावू नका, लागेल! मी गोळा करतो! किती वाढली?"

समोर पाच ताटं. वरण, भात, तूप, लिंबाची फोड. काकूंचा डाव हवेतच थांबलेला. माझ्या हातात झाडू.

मिनीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"मम्मी," ती म्हणाली, "इसको हिंदी में बोलो."